त्रुटीसाहेबांचं खुराडं

“चहा चांगला झालाय,” त्रुटीसाहेब म्हणाले, “पण…”

त्या पणच्या पुढे काय होतं ते त्या दिवशी कळलंच नाही. बायकोने मध्येच सांगून टाकलं, की तिची ताई राहतं घर सोडून मुलाकडे वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चालली आहे, तिच्या तीन कोंबड्या तिथे चालणार नाहीत आणि त्या आपल्या मागच्या अंगणात येणार आहेत. एरवी साहेबांचा पण सहसा वाया जात नसे. साखर अर्धा चमचा कमी असे, नाहीतर कप कोमट असे, आणि चहा अगदीच बिनचूक जमला तर बशी ओली निघे. लग्न झाल्यापासून बायकोच्या एकाही चहाला बिनशर्त मंजुरी मिळालेली नव्हती. आता आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणायची.

साहेबांचं खरं नाव पालिकेतही फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. उभी नोकरी त्यांनी तिथल्या सुरक्षा विभागात काढली. दुकानं, गोदामं, शाळा, सिनेमाची थिएटरं यांचे जिने, कठडे आणि दारं तपासायची आणि ‘आढळलेल्या त्रुटी’ या मथळ्याखाली अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. पहिल्या भेटीत कोणालाही पास करायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. निवृत्तीनंतर तपासायला फक्त घर उरलं आणि घरात बायको.

“ताई शनिवारी दुपारी येणार आहे,” बायको म्हणाली. “जागा नीट वाटली तर कोंबड्या ठेवून जाईल. नाहीतर चौकातला कोंबडीवाला घ्यायला तयार आहे.”

“मग चांगलंच आहे की.”

“अहो, तो त्यांना पाळायला नाही घेत.”

बायकोने कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती काही दिवस ताईकडे राहिली होती, तेव्हा त्यातली ठिपकी नावाची कोंबडी रोज दुपारी तिच्या खुर्चीपाशी येऊन बसायची. मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून या घरात दुपारी आवाज म्हणून नव्हता.

“मला त्या हव्या आहेत,” ती म्हणाली. “मी घातलेलं मुकाट्याने आवडीने खाईल असं कोणीतरी घरात हवंय मला.”

हा टोला कुठे बसला हे साहेबांना बरोबर कळलं. त्यामुळेच त्यांनी जरा मोठ्या आवाजात जाहीर केलं, की खुराडं ते स्वतः बांधून घेतील, आणि ते गावात कोणी पाहिलं नसेल इतकं सुरक्षित आणि आरामशीर असेल. बायकोने सुचवलं, की नाक्यावरचा वेल्डर तयार खुराडी विकतो, त्यातलं एक आणू या. साहेब ती बघून आले. तयार खुराड्यांत त्यांना इतक्या त्रुटी आढळल्या, की वेल्डरने शेवटी त्यांना बसायला स्टूल दिलं.

घरी येऊन त्यांनी टेबलावर मोठा कागद पसरला. खुराडं पायांवर उभं हवं, म्हणजे खालून घूस शिरणार नाही. जाळी इतकी बारीक हवी, की मांजराचं नखसुद्धा आत जाता कामा नये. बसायला आडवी दांडी, अंड्यांसाठी भुशाची पेटी, आणि पेटीला बाहेरून उघडणारं झाकण. कोंबड्यांच्या ये-जा करण्यासाठी एक छोटी सरकती झडप, तीही दोरीने बाहेरून वर ओढायची. माणसाला वाकून आत शिरता यावं म्हणून एक मोठं दार, कारण स्वच्छता ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, असं ते एकेकाळी प्रशिक्षणार्थींना सांगत असत. प्रशिक्षणार्थी ते लिहूनही घेत असत.

“आपलं घर बांधताना एवढा विचार केला होतात का हो?” बायकोने विचारलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची खिटी किती तरी वर्षांपूर्वी तुटली होती आणि ती खिडकी तेव्हापासून सुतळीने बांधलेली होती. साहेबांनी प्रश्न ऐकला नाही.

शेजाऱ्यांना बातमी लागायला वेळ लागला नाही. डावीकडे बँकवाले राहत होते. बँकेतून निवृत्त होऊनही जगात सगळीकडे चोरी होणार आहे या विश्वासावर ते अजून ठाम होते. उजवीकडच्या काकूंची झोप सावध होती आणि ती मोडणाऱ्यांची त्या नावानिशी आठवण ठेवत. दोघेही एकाच वेळी कुंपणाशी आले.

“कोंबडा पहाटे आरवणार,” काकू म्हणाल्या. “मग माझं कसं व्हायचं?”

“कोंबडा नाहीये काकू. तीन कोंबड्या आहेत फक्त.”

“मग अंडी कशी देणार त्या?”

“देतात. पिल्लं होत नाहीत त्यांतून, एवढंच.”

काकूंनी बँकवाल्यांकडे पाहिलं. बँकवाल्यांनी नकारार्थी मान हलवली. “कोणी सांगितलं हे तुम्हाला?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. खोट्या योजनेत पैसे गुंतवून आलेल्या खातेदाराशी ते पूर्वी याच आवाजात बोलत असत. साहेबांनी अंड्याची सगळी प्रक्रिया समजावून सांगायला सुरुवात केली, पण कुंपणाशी उभं राहून, काकूंसमोर, ती अर्ध्यावरच अवघड होऊन बसली. काकू म्हणाल्या, की कोंबडा नसला की कोंबड्यांपैकीच एक आरवायला लागते, त्यांच्या माहेरी लागली होती. बँकवाले म्हणाले, की दाराला साधी कडी अजिबात चालणार नाही. माणूस कडी लावायला विसरतो. आपोआप लागणारी हवी.

हा सल्ला मात्र साहेबांना मनापासून पटला. आपोआप बंद होणारी दारं हा त्यांच्या नोकरीतला जिव्हाळ्याचा विषय होता. असं दार नाही म्हणून त्यांनी एक अख्खं थिएटर दोन आठवडे बंद ठेवलं होतं.

त्यानंतर परवानगीचा विषय निघाला. वास्तविक मागच्या अंगणातल्या तीन कोंबड्यांसाठी पालिकेत कोण विचारायला जातं? साहेब गेले. ज्या इमारतीत आपण इतकी वर्षं रुबाबात वावरलो, तिथे जाऊन दोन शब्द बोलले की काम होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. दारावरच्या नव्या शिपायाने त्यांना “आजोबा, रांगेत या,” असं सांगितलं. रांगेत आल्यावर पाळीव प्राण्यांच्या टेबलावरची बाई म्हणाली, की पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा आणि मांजर. कोंबडी अंडी देते, म्हणजे हा धंदा झाला. धंद्याच्या टेबलावर सांगण्यात आलं, की तीन कोंबड्यांचा कुठे धंदा असतो का, ही हौस आहे. हौस कोणत्या टेबलावर येते, असं साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांना बांधकाम विभागाचा जिना दाखवण्यात आला.

“पाय आहेत का?” तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

“कोंबड्यांना?”

“खुराड्याला. पाय असले तर फर्निचर, नसले तर बांधकाम.”

“आहेत. घूस शिरू नये म्हणून मुद्दाम ठेवलेत.”

“मग फर्निचर. फर्निचरला परवानगी लागत नाही,” असं म्हणून कारकून थांबला. साहेबांच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान त्याला बहुधा पाहवलं नाही. “पण फर्निचरमध्ये प्राणी ठेवता येत नाहीत. आधी सुरक्षा विभागाचा शेरा आणा.”

सुरक्षा विभागात, साहेबांच्याच जुन्या खुर्चीवर, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला चेला बसला होता. तो लगबगीने उठला, त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि शनिवारी दुपारी स्वतः येऊन तपासणी करतो असं कबूल केलं. साहेबांचा ऊर भरून आला. निघताना जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, “आणि माझ्या ओळखीचं म्हणून पहिल्या भेटीत पास करून टाकू नकोस हं.”

“छे, सर,” चेला म्हणाला. “तुमची शिकवण आहे.”

आपण काय बोलून बसलो हे साहेबांना जिना उतरताना उमगलं. पण परत वर जाऊन शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

वेल्डर मोठा उत्साही गृहस्थ होता. कोणत्याही मागणीला तो “होऊन जाईल” म्हणायचा, आणि ती नीट ऐकण्याआधीच म्हणायचा. साहेबांनी दाराला जोरदार स्प्रिंग सांगितली. दार मिटलं, की बाहेरची जाड लोखंडी कडी आपल्याच वजनाने खाचेत पडली पाहिजे. खाच घट्ट हवी, कडी जरासुद्धा खुळखुळता कामा नये. आणि दाराच्या आतल्या बाजूने कडीवर पत्रा ठोकायचा, म्हणजे आतून तिच्यापर्यंत काही पोचणार नाही.

“आतून कोण कडी काढणार, साहेब? कोंबडी?”

“सुरक्षेत गृहीत काही धरायचं नसतं.”

“होऊन जाईल,” वेल्डर म्हणाला.

शनिवारी सकाळी खुराडं टेम्पोतून आलं. चौघांनी उचलून ते मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली ठेवलं. हिरवा रंग, वर उतरता पत्रा, चकचकीत जाळी. खरोखर देखणं दिसत होतं. साहेबांनी दार हलकेच सोडून कडी पडू दिली, उघडली, पुन्हा पडू दिली. तो खट्ट असा आवाज त्यांना इतका आवडला, की त्यांनी बायकोला आणि बँकवाल्यांनाही तो ऐकवला. बायको म्हणाली, छान आहे. साहेबांनी थोडं थांबून पाहिलं, पण ती पुढे काही बोलली नाही. तिच्या छानला पण नव्हता.

जेवणानंतर हातात टॉर्च आणि टेप घेऊन ते शेवटच्या तपासणीसाठी आत शिरले. वाकून शिरल्यावर दाराला धरून ठेवायला हात मोकळा राहिला नाही. स्प्रिंगने आपलं काम चोख केलं. दार धाडकन मिटलं आणि कडी खट्टकन खाचेत पडली.

साहेबांना पहिल्या क्षणी वाटलं ते निव्वळ समाधान. दाराने कुठे फट सोडली नव्हती. मग त्यांनी दार ढकललं. मग खांद्याने ढकललं. मग आतल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि तो किती पक्का ठोकला आहे याची खात्री करून घेतली. शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली, शक्य तितक्या सहज आवाजात.

बायको आली. कडी दणक्याने खाचेत इतकी खोल गेली होती, की ती वर सरकेना. तिने लाटणं मारून पाहिलं. तो आवाज ऐकून बँकवाले पक्कड घेऊन आले, त्यांनी जोर लावला आणि कडीची मूठच वाकवून ठेवली. “पण मजबूत आहे,” ते कौतुकाने म्हणाले. “कुठून करून घेतलीत?” काकू कुंपणावरून पाहत होत्या. आत गेलंय ते कोण, एवढंच त्यांनी विचारलं. कोण ते कळल्यावर, निदान आरवणार तरी नाहीत, असं म्हणून त्या निर्धास्त मनाने झोपायला गेल्या.

वेल्डरला फोन लागला, पण तो गावाबाहेर एका गोदामाच्या कामावर होता. “संध्याकाळी येतो वहिनी,” तो म्हणाला. “साहेब आतच आहेत ना? मग काळजी नाही.”

“हे बघ,” साहेब जाळीला तोंड लावून म्हणाले, “ताईंना यातलं काही कळता कामा नये. त्यांना फोन कर. आज नको म्हणावं.”

“ती निघालीसुद्धा. आणि आज नको म्हटलं, तर ती वाटेत चौकात थांबेल.”

चौकात काय आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. बायकोचा चेहरा पाहून साहेबांना पहिल्यांदाच या सगळ्याची खरोखर भीती वाटली. स्वतःच्या अब्रूची काळजी ते मघापासून करतच होते. पण आपल्या कडीपायी हिच्या कोंबड्या जाणार, हा विचार त्यांना सोसवेना. ते दांडीवर बसले. दांडीची कड टोचत होती.

ताई आली ती वेताची झाकणाची टोपली घेऊनच. टोपलीतून कुरकुर ऐकू येत होती. अंगणात पाऊल टाकताच तिला खुराडं दिसलं, आणि खुराड्यात गुडघे पोटाशी घेऊन दांडीवर बसलेले भाऊजी दिसले. ती जागीच थांबली.

साहेबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बायको बोलली. “हे आत बसून बघतायत गं. कोंबडीला कसं वाटेल ते.”

बँकवाल्यांनी पक्कड पाठीमागे लपवली.

“कधीपासून?” ताईने विचारलं.

“जेवण झाल्यापासून.”

ताई जवळ आली. आयुष्यभर कोंबड्या पाळलेली बाई ती, तिने सरळ कामाचंच विचारलं. “वारा लागतो का भाऊजी?”

“लागतो. मागून चांगला येतो.”

“पत्रा तापतो?”

“मघाशी तापला होता. आता झाडाची सावली आली. वर गवत अंथरलं तर बरं होईल.” साहेब सांगता सांगता रंगात आले. आजवर त्यांनी शेकडो जागा बाहेरून तपासल्या होत्या, पण आतल्याला काय वाटतं हे सांगायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. “दांडीची कड टोचते. ती गोल करून घ्यावी लागेल. आणि भुसा थोडा जास्त हवा, पाय गार पडतात.”

ताईने बहिणीकडे पाहिलं. “मी तर म्हणत होते, यांच्याकडे नकोच. हा माणूस कोंबड्यांच्याही चुका काढील,” ती म्हणाली. “पण इतकं कोण करतं गं? आमच्यातल्या कोणी नाही केलं. उघडा ते दार, सोडते यांना आत.”

बँकवाल्यांना जोराचा खोकला आला.

“दार नको,” बायको शांतपणे म्हणाली. “त्या झडपेतून सोड. रोजची वाट तीच राहणार आहे, पहिल्या दिवसापासून तीच शिकू देत.”

ताईला ते एकदम पटलं. दोरी ओढली, झडप वर गेली आणि एकेक करून तिन्ही कोंबड्या आत आल्या. दोघींनी साहेबांकडे संशयाने पाहत कोपरा गाठला. ठिपकी मात्र थेट आली, त्यांच्या बुटाच्या नाडीवर चोच मारून पाहिली आणि मग त्यांच्या पावलावर बसली. ती जड होती आणि चांगलीच उबदार होती. साहेबांनी पाऊल हलवलं नाही.

एवढ्यात चेला आला. हाताखाली तयार झालेला माणूस तो, त्याची नजर आधी कडीवर गेली, मग वाकलेल्या मुठीवर, मग बँकवाल्यांच्या पाठीमागे गेलेल्या हातावर, आणि शेवटी साहेबांवर.

“सर, जरा बाहेर येता का? बोलू या.”

“तू बोल ना. मला इथून ऐकू येतंय.”

चेल्याला काय ते कळलं. त्याने घसा साफ केला, खुराड्याला एक फेरी मारली, पाय मोजले, जाळीवरून बोट फिरवून पाहिलं. “पास करा हो,” ताई त्याला म्हणाली. “स्वतः आत बसून पाहिलंय त्यांनी.” चेला म्हणाला, की पहिल्या भेटीत पास करायची त्यांच्या विभागात पद्धत नाही. जाळीआडून साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. नोकरीभर लोक ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहत आले होते, ती नजर आपल्या चेहऱ्यावर कशी दिसत असेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

चेल्याने ती पाहिली. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि फक्त साहेबांना दिसेल असा तो जाळीला लावून धरला. ‘आत राहणाऱ्यांनी जागेबद्दल समाधान व्यक्त केले. आढळलेली त्रुटी : दार आतून उघडत नाही. कोंबड्यांना त्याची गरज नसल्याने मंजूर.’

“सही कुठे करू, सर?”

“खाली, उजवीकडे,” साहेब म्हणाले.

चेला गेला. बँकवाले गेले. ताईने जाळीतून ठिपकीकडे खूप वेळ पाहिलं, पदराने डोळे पुसले, संध्याकाळी दाणे कधी टाकायचे ते बहिणीला बजावलं आणि रिकामी टोपली घेऊन तीही गेली. अंगणात नवराबायको आणि तीन कोंबड्या उरल्या. बायको घरात जाऊन चहा करून आली. अंड्यांच्या पेटीचं झाकण उघडून तिने भुशावरून कप आत सरकवला आणि स्वतः पालथ्या बादलीवर बसली.

“ताईंशी खोटं का बोललीस?” साहेबांनी विचारलं.

“खोटं कुठे? आत बसून बघतच होतात की तुम्ही.”

साहेबांनी दोन घोट घेतले. पावलावर ठिपकी पेंगत होती. कप कोमट झाला होता, कारण घरापासून खुराड्यापर्यंत यायला वेळ लागतो. त्यात भुशाचा एक कणही तरंगत होता.

“चहा चांगला झालाय,” ते म्हणाले.

बायको वाट पाहत राहिली. इतक्या वर्षांची सवय होती.

“पण…”

“बोला.”

“पण एकच कप आणलास. तुझा कुठंय?”

बायको उठली, साडीला लागलेला भुसा झटकला आणि घराकडे निघाली. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मात्र ती वळली.

“चहा ठेवते मला,” ती म्हणाली. “आणि त्या वेल्डरला कळवते, सावकाश ये म्हणून.”